मशीनला काय कळतंय, दहा का नऊ

"मॅडम, नऊ स्पीडचं आता काही येत नाही. अख्खा सेटच बदलून टाका." सायकलच्या दुकानातल्या काउंटरमागच्या मुलाने हे अगदी समजावणीच्या सुरात सांगितलं. नऊ स्पीड म्हणजे मागच्या चाकावर नऊ दातेरी चकत्या. त्याने उजवा शिफ्टर, म्हणजे हँडलवरची मागचे गिअर बदलायची लिव्हर, तीन-चारदा दाबून पाहिला होता आणि आतला खटका धरत नाही हे त्याला बरोबर कळलं होतं. मग मोबाइलवर बोट फिरवत त्याने यादी केली. शिफ्टरची जोडी, चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारे पुढचा-मागचा डिरेलर, मागच्या चकत्यांचा संच म्हणजे कॅसेट, चेन, पायडलचे दांडे म्हणजे क्रँक. "आणि नव्या कॅसेटला हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबाही वेगळा लागतो, म्हणजे चाक आलंच." बेरीज ऐकली तेव्हा वाटलं, एवढ्यात एक बरी सेकंडहँड सायकल दारात उभी राहील. "विचार करून सांगते" म्हणाले आणि निघाले. खटका धरेनासा झाला की स्प्रिंगच्या ओढीने मागचा डिरेलर सगळ्यात लहान चकतीवर जाऊन बसतो. त्या जड गिअरवर, कर्वे रोडच्या प्रत्येक सिग्नलनंतर सीटवरून उठून पायडल मारत घरी येताना मला पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट टोचत होती. क्रँक मऊ फिरत होता, चाकाला आउट नव्हता, डिरेलरच्या स्प्रिंगमध्ये चांगला जीव होता. बिघडली होती एक लिव्हर, आणि तिच्यापायी सगळी सायकल बाद ठरत होती.

ही सायकल तशीही एकजातीची कधी नव्हतीच. फ्रेम रोड सायकलची, हँडल ड्रॉप, पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन रिंगा. मागे मात्र डोंगरी सायकलचा, जपानी शिमानो कंपनीचा, ९ स्पीडचा डिओरे डिरेलर. त्याचा पिंजरा, म्हणजे चेनचा ढिलेपणा ओढून धरणारी खालची चौकट, लांब. तो सिंहगडासाठी लावून घेतलेला. गोळेवाडीहून रस्ता वर वळला की पहिली काही मिनिटं हुरूप असतो, मग कोंढणपूर फाट्यानंतरची वळणं येतात आणि माणूस पुन्हा पुन्हा शिफ्टर दाबून अजून एखादा हलका गिअर शिल्लक आहे का ते बघू लागतो. मूळच्या कॅसेटची सगळ्यात मोठी चकती २५ दातांची होती. पुढे ३४, मागे २५, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.९ मीटर पुढे जाते. मागे ३४ दातांची चकती बसवली की चाकही एकच फेरा घेतं आणि सायकल २.१ मीटर सरकते. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. गुडघ्यांना विचारा. त्या काळातल्या रोडच्या, आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला एवढी मोठी चकती पेलत नाही, म्हणून डोंगरी डिरेलर. पुण्यात, नाशकात, जिथे जिथे लोक घाटांत सायकल चालवतात तिथे ही जोडी तुम्हाला दिसेल, आणि ती कंपनीच्या माहितीपत्रकात सहसा सापडणार नाही.

मी वाढले ती सायकल साताऱ्यातली, वडिलांची. काळी, २२ इंची, चेनकव्हरवर सोनेरी रेघ. दिवाळीच्या आधी ती ओव्हरऑइलला निघायची. अंगणात पोतं अंथरलेलं, डालडाच्या डब्यात रॉकेल आणि रॉकेलात बुडवलेली चेन. छर्रे बशीत काढलेले असायचे आणि ते मोजण्याचं काम माझ्याकडे. रॉकेलाने बोटांची टोकं पांढुरकी पडायची, आणि तो वास रात्री वरणभातालाही यायचा. एकदा फ्रीव्हीलमधला कुत्रा, म्हणजे दातांत अडकणारी आतली खिटी, झिजला. पायडल मारलं की मध्येच सटकायचं. वडिलांनी मला राजवाड्याजवळच्या दुकानात पिटाळलं. दुकानदाराने कुठलीच चौकशी केली नाही. सायकल कुठल्या कंपनीची, किती साली घेतली, कशाचाही प्रश्न आला नाही. फळीवरून एक फ्रीव्हील काढलं, कागदात गुंडाळलं आणि हातावर ठेवलं. ते बसलं, कारण ते न बसण्याची शक्यताच नव्हती. त्या काळात मला यात काही विशेष आहे असं वाटलं नाही. आता वाटतं. लुधियानात बनलेलं फ्रीव्हील, कुठल्या तरी तिसऱ्याच कारखान्यातली चेन आणि वडिलांची जुनी चाकं, हे सगळे एकमेकांना न भेटता एकमेकांसाठी बनवलेले होते.

आणि त्या चेनची एक गोष्ट आजही तशीच आहे. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये मँचेस्टरला बुश-रोलर चेन काढली. पुढे सायकलींसाठी तिच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर अर्ध्या इंचावर ठरलं, १२.७ मिलिमीटर. मधे शिमानोने १० मिलिमीटरच्या चेनचा प्रयोग करून पाहिला, तो टिकला नाही. वडिलांच्या सायकलची चेन आणि आजच्या १२ स्पीडच्या शर्यतीच्या सायकलची चेन पट्टीवर शेजारी ठेवली, तर पिना समोरासमोर येतात. लांबीत कुणी हात घातला नाही. बदल झाला तो सगळा रुंदीत.

रुंदीचं भांडण सुरू व्हायला १९८४ उजाडावं लागलं. त्याआधी गिअर बदलायची लिव्हर बहुतेक नुसत्या घर्षणावर चालायची. हाताने ओढायचं, कानाने ऐकायचं, चेन नीट बसली की थांबायचं. लिव्हरला आकडा माहीत नसायचा, म्हणून तिला कुठलीही कॅसेट चालायची. १९८४ मध्ये शिमानोने शर्यतीच्या सायकलींसाठी ड्यूरा-एस ७४०० हा गिअरचा सेट काढला आणि त्यात खटक्यांची लिव्हर दिली. एक खटका, एक गिअर. ओसाकाजवळच्या साकाईमधली ही कंपनी १९२१ मध्ये सुरू झाली तीही फ्रीव्हील बनवण्यापासूनच. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की खटके नेमके पडावेत म्हणून जो तिरका समांतरभुज डिरेलर लागतो, तो मुळात त्यांचा नव्हताच. तो सनटूर या दुसऱ्या जपानी कंपनीचा, १९६४ चा. डिरेलरची चाल तिरकी ठेवली की त्याची वरची फिरकी, म्हणजे चेनला वाट दाखवणारं छोटं दातेरी चाक, प्रत्येक चकतीपासून जवळपास सारख्याच अंतरावर राहते. सनटूरच्या पेटंटची मुदत सरली आणि शिमानोने ती चाल घेऊन तिला आपला खटका जोडला. आज ज्याला आपण एकसंध 'सिस्टीम' म्हणतो तिचा पायाच असा दोन घरचा आहे.

मग वर्षागणिक आकडा चढत गेला. ६ चे ७, ७ चे ८. नव्वदीच्या उत्तरार्धात ९, २००३-०४ च्या आसपास १०, २०१२ मध्ये ११, २०२१ मध्ये १२. त्या मुलाने मला सांगितलेल्या रकमेमागे ही सगळी चढण होती.

शेवटी मी सायकल घेऊन आमच्या सायकल-मिस्त्री मामांकडे गेले. मामा आधी भोसरीत फिटर होते, त्यामुळे हातोडीच्या आधी त्यांच्या हातात व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचे अंश मोजणारी पट्टी, येतो. नऊचा शिफ्टर त्यांनी खोलून पाहिला, आतला दात्यांचा तुकडा झिजून गोल झालेला दाखवला आणि मान हलवली. माझ्याकडे एक दहाचा शिफ्टर होता, शिमानोचाच, टिआग्रा ४६००. ओळखीतल्या एका बीआरएमवाल्याने, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड करणाऱ्याने, इलेक्ट्रॉनिक गिअर बसवले तेव्हा काढून ठेवलेला. मी म्हटलं, "मामा, शिफ्टर दहाचा, कॅसेट आणि चेन दहाची आणू. पण डिरेलर नऊचाच आहे, आणि तोही डोंगरी." मामा डिरेलर बोटाने आत ढकलून सोडत होते, आत, बाहेर, आत, बाहेर. म्हणाले, "ताई, मशीनला काय कळतंय दहा का नऊ. वायर किती ओढली तेवढंच त्याला कळतं. चला, मोजून बघू."

आणि खरंच मोजलं. दहाच्या शिफ्टरमध्ये नवी केबल घातली, मामांनी ती टोकाला पकडीने ताणून धरली आणि मी प्रत्येक खटक्याला आवरणाच्या तोंडाशी बॉलपेनने बारीक रेघ मारत गेले. दहा गिअर म्हणजे नऊ खटके. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत वीस मिलिमीटरच्या जरा वर भरले. मग मामांनी ड्रॉवरमधून सरळ हँडलचा एक जुना ८ चा शिफ्टर काढला आणि त्यावर तोच खेळ केला. सात खटके, साडेएकोणीस. मी रेघांकडे बघत बसले. दहाच्या केबलवर रेघा दाट होत्या, आठच्या केबलवर विरळ, पण पहिली आणि शेवटची रेघ दोन्हीकडे जवळपास तिथेच. मग कॅसेट मोजल्या. आठमध्ये एका चकतीपासून दुसरीपर्यंत ४.८ मिलिमीटर, नऊमध्ये ४.३४, दहामध्ये ३.९५. अंतर कमी होतं, चकत्या वाढतात, आणि पहिलीपासून शेवटचीपर्यंतचा पल्ला ३३-३४ पासून ३५-३६ मिलिमीटरच्या आतबाहेर राहतो, कारण सगळ्यांना त्याच हबवर बसायचंय. वडिलोपार्जित रान तेवढंच, वाटेकरी वाढले. पट्टे अरुंद झाले आणि मधले बांधही.

डिरेलरचं काम या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्याचं. मधे किती ठिकाणी थांबायचं ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळी मोजदाद शिफ्टरच्या पोटात असते. शिमानोच्या त्या काळातल्या डिरेलरचं प्रमाण साधारण १.७. केबल एक मिलिमीटर ओढली की तो १.७ मिलिमीटर आडवा सरकतो. ड्यूरा-एसचे सुरुवातीचे डिरेलर सोडले, तर ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून दहा स्पीडच्या रोड सायकलींपर्यंत हे प्रमाण त्यांनी हलवलं नाही. दहाचा रोड शिफ्टर एका खटक्याला २.३ मिलिमीटर ओढतो. २.३ गुणिले १.७, म्हणजे ३.९१. हवे होते ३.९५. नऊ खटक्यांनंतर एकूण चूक एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. ती कुठे जिरते तेही मामांनी दाखवलं. डिरेलरची वरची फिरकी धरून त्यांनी ती डावी-उजवीकडे हलवली. ती थोडी हलते. खालची हलत नाही. नवी सायकल घेतलेले लोक ती हलताना बघून फिरकी खराब आहे म्हणून तक्रार करतात, पण तो सैलपणा मुद्दाम ठेवलेला असतो, चेनला स्वतःहून दातांवर नीट बसता यावं म्हणून. यंत्र बनवणाऱ्या कुणीतरी, कारखान्यात बसून, दूरच्या कुठल्या तरी घाटातल्या केसभर चुकीसाठी आधीच जागा सोडून ठेवली. त्या माणसाबद्दल मला फार माया वाटते.

खरी अडचण आकडे सारखे असतात तिथे येते. डोंगरी सायकलींचा दहा स्पीडचा डिरेलर २०१० च्या सुमारास आला तो वेगळ्या प्रमाणाचा, सुमारे १.२. विचार असा की केबल जास्त ओढावी लागली, तर चिखलाने, धुळीने, ताणल्या गेलेल्या वायरने होणारी चूक कमी जाणवते. विचार बरोबरच आहे. पण दुकानात कुणी जाऊन म्हणालं की माझा शिफ्टर दहाचा आहे, मला दहाचा डोंगरी डिरेलर द्या, तर काउंटरवरचा माणूस आनंदाने देईल, दोन्ही खोक्यांवर १० लिहिलेलं असेल, आणि घरी बसवल्यावर प्रत्येक खटक्याला चेन जेमतेम पावणेतीन मिलिमीटर सरकेल. तिसऱ्या खटक्याला ती जवळजवळ एक पूर्ण चकती मागे राहिलेली असते. २०१५ च्या टिआग्रा ४७०० चंही तसंच. दहाच स्पीड, पण केबलची ओढ बदललेली. म्हणजे माझ्या दहाच्या शिफ्टरला कितीतरी दहावाले चालत नाहीत, आणि हा घाटात घासलेला, रंग उडालेला नऊवाला चालतो. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचा हिशेब तर निराळाच, तिथे शिमानोचं कोष्टक लावायला जाऊच नये.

चेनच्या बाबतीत नियम सोपा आहे आणि तो पाठच करून ठेवावा. आतली जागा, जिथे दात शिरतो, ती आठपासून अकरापर्यंत फारशी बदललेली नाही. बारीक झाली ती बाहेरची जाडी. आठची चेन बाहेरून सात मिलिमीटरच्या वर, दहाची सहाच्या आत. त्यामुळे अरुंद चेन एका पायरीने मोठ्या जागेत चालून जाते, जाड चेन छोट्या जागेत शेजारच्या चकतीला घासते. माझ्या पुढच्या रिंगा नऊच्या काळातल्या आहेत. दहाची चेन त्यांच्यावर विनातक्रार फिरते.

बसवून झाल्यावर मामांनी सायकल स्टँडला लावली आणि मला पायडल फिरवायला सांगितलं. ते स्वतः डोळे मिटून शिफ्टर दाबत होते. खट, आणि लगेच आवाज बदलायचा, मोठ्या चकतीवर चेनचा सूर खाली येतो. पाचव्यावर एक बारीक करकर आली. त्यांनी केबलच्या टोकाचा, ताण कमी-जास्त करायचा बॅरल पाव फेरा फिरवला. करकर गेली. सहाव्यावर गेले, परत पाचव्यावर आले, पुन्हा ऐकलं. सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन चढली तेव्हा त्यांनी आतल्या स्क्रूची मर्यादा आणखी जराशी आवळली. "घाटात घाई होते, आणि घाईत चेन आऱ्यांत जाते," एवढंच म्हणाले.

म्हणून नवं वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्या बीआरएमवाल्या मित्राची इलेक्ट्रॉनिक गिअरची सायकल मी बोपदेव घाटात चालवली आहे. बटणावर बोट टेकवलं की गिअर पडतो, चढावर, पूर्ण जोर लावलेला असताना, कसलाही आवाज न करता. ३०० किलोमीटरच्या राईडमध्ये पहाटे बोटं बधिर झालेली असताना याची किंमत काय असते ते ज्याने २० तासांच्या मुदतीत ती राईड केली आहे त्याला विचारावं. मला त्या सायकलचा मोह झाला, अजूनही होतो. पण तिथे ओढायची केबलच नाही. खटका मोजणारी गोष्ट आता प्रोग्रॅममध्ये बसली आहे, आणि या पिढीचा डिरेलर त्या पिढीच्या शिफ्टरचं ऐकेल की नाही हे लोखंडावरून ठरत नाही. मामांच्या व्हर्निअरला तिथे काही मोजता येत नाही. हे मला खुपतं. त्यावर उपाय आहे असंही मला वाटत नाही. शर्यतीत सेकंद मोजणाऱ्यांनी ते घ्यावं, जरूर घ्यावं. पण ज्याला ऑफिसला जायचंय, रविवारी खडकवासल्याला जायचंय आणि वर्षातून चार वेळा घाट चढायचाय, त्याची चालती सायकल एका लिव्हरपायी माळ्यावर जाऊ नये, यासाठी कुणीतरी हे हिशेब येता-जाता बोलत राहायला हवेत.

त्या काउंटरवरच्या मुलाचा मला राग नाही. त्याला सेट विकायला शिकवलं, जोडायला शिकवलं, आणि उद्या जोडलेलं चाललं नाही तर दुकानाला त्याची जबाबदारी घ्यावी लागते. सरमिसळ केलेल्या सायकलची हमी कुणीच देत नाही, आणि ही तिची खरी उणीव आहे. कुठे साताऱ्याच्या पुढे, रात्री, डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकला आणि दुसऱ्या कुणाच्या हातात सायकल द्यावी लागली, तर तो माणूस खोक्यावरचे आकडे बघून चुकीचीच वस्तू आणेल. म्हणून मी सीटखालच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून एक चिठ्ठी ठेवली आहे. "शिफ्टर १० रोड, ४६००. डिरेलर ९ डोंगरी. १० चा डोंगरी डिरेलर चालणार नाही. चेन १०. कॅसेट ११-३४." मामांनी ती वाचली आणि खाली स्वतःच्या अक्षरात 'हँगर जुना, जोर लावू नये' असं लिहिलं.

आता खालच्या मजल्यावरच्या मुलाची २१ गिअरची सायकल आली आहे. शाळेत कुणीतरी ती पाडली आणि मागचा शिफ्टर तुटला. मागे सात चकत्यांचं, आट्यांवर बसणारं फ्रीव्हील आहे. त्याच्या वडिलांना दुकानात नवी सायकल दाखवून झाली आहे. मी मामांकडून तो ड्रॉवरमधला ८ चा शिफ्टर मागून आणलाय. आठचा खटका डिरेलरला ४.७६ मिलिमीटर सरकवेल आणि सातमध्ये अंतर आहे ५. सहा खटक्यांत दीड मिलिमीटरच्या आत चूक. पण पहिल्या चकतीऐवजी मधली चौथी नेमकी जुळवून घेतली तर ती दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण मिलिमीटर वाटली जाते, आणि तेवढं वरच्या फिरकीने सांभाळावं. एक खटका जास्तीचा उरेल, तो कशाला आहे हे त्याला सांगावं लागेल. रविवारी सकाळी बसायचं ठरलंय. जुने कपडे घालून ये म्हटलंय. पहिलं काम चेन मोजण्याचं: पट्टीवर २४ कड्या, नव्या असताना ३०४.८ मिलिमीटर. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वाढली असेल तर चेन नवी, नाहीतर रॉकेलात बुडवून तीच.